भिशीची बोट आणि दाखल्यावरचं नाव

सांगलीच्या एका ताईंचं पत्र थोडक्यात असं : वय 56. बारा वर्षांपासून नऊ जणींची भिशी आहे. यंदा दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकले आणि फेब्रुवारीत सगळ्यांनी मिळून बोटीच्या सहलीला जायचं ठरलं. टूरवाल्याने दोन सहली सुचवल्या. एक मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, दुसरी चेन्नईहून श्रीलंका. बहुतेकींचा कल श्रीलंकेकडे आहे. ताईंकडे पासपोर्ट नाही. अमेरिकेतला भाचा तिकडचा नागरिक झाला आहे. तो फोनवर म्हणाला, 'क्रूझला पासपोर्ट लागत नाही, आम्ही फ्लोरिडाहून जाऊन आलो.' तेच ताईंनी भिशीत सांगून टाकलं. पाच वर्षांपूर्वी पशुपतिनाथाची यात्राही पासपोर्टशिवाय झाली होती. ताईंचे यजमान म्हणतात, 'बोट चेन्नईहून निघून चेन्नईलाच येते. तू तिकडे उतरूच नकोस, बोटीवर बसून राहा.' यामागे एक जुनी गोष्टही आहे. काही वर्षांपूर्वी ताई पासपोर्टसाठी गेल्या होत्या. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधार कार्डावर सासरचं, म्हणून खिडकीवरून परत आल्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या विचारतात, 'पासपोर्ट लागतो की नाही, एकदाचं सांगा. लागत असेल तर गुडघ्याचं कारण सांगून गुपचूप बाजूला होऊ का?'

*

ताई,

श्रीलंकेच्या बोटीला पासपोर्ट लागतोच. गोवा-लक्षद्वीपच्या बोटीला लागत नाही. आणि गुडघ्याचं कारण सांगू नका. तुमच्या तीन ओळींच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही चार पानी पत्र लिहिलंत आणि त्यातली साडेतीन पानं वेगळ्याच गोष्टीबद्दल आहेत, म्हणून मीही थोडं सविस्तर लिहिते.

तुमचे यजमान, भाचा आणि तुम्ही, तिघंही बोटीकडे बघून विचार करताय. बोटीपेक्षा ती कुठल्या बंदराला लागणार आणि आपण कुठल्या देशाचे नागरिक, हे बघायला हवं. समुद्रात किती आत गेलो याचा पासपोर्टशी काही संबंध नाही. मुंबईहून लक्षद्वीपला जाताना चारी बाजूंना पाण्याशिवाय काही दिसत नाही, तरीही आपण एका भारतीय बंदरातून निघून भारताच्याच बेटांवर जातो. आधार किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. चेन्नईहून श्रीलंका त्या मानाने जवळ. पण हंबनटोटा किंवा त्रिंकोमालीच्या धक्क्याला बोट लागली की आपण परदेशात. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. गोवा 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. समुद्र तोच आणि किनाराही तोच, पण तेव्हा पणजीला उतरणं म्हणजे परदेशात उतरणं होतं.

आता 'उतरूच नकोस' या सल्ल्याबद्दल. तुमच्या यजमानांनी तो तुमचा मार्ग मोकळा व्हावा म्हणूनच दिला असणार, पण तो चालणार नाही. कारण तपासणी श्रीलंकेत उतरताना सुरू होत नाही, ती चेन्नई बंदरात बोटीवर चढण्याआधीच होते. 1967 च्या पासपोर्ट कायद्याचं तिसरं कलम सांगतं की वैध पासपोर्ट किंवा प्रवासाचं तसंच कागदपत्र असल्याशिवाय कुणीही भारताबाहेर जायचं नाही. बोट परत चेन्नईलाच येणार असली तरी मधल्या दिवसांत तुम्ही देशाबाहेर असताच. पासपोर्ट नसेल तर धक्क्यावरूनच परत फिरावं लागेल आणि भरलेले पैसे मिळण्याची आशाही फार नाही. आठ मैत्रिणी वर डेकवर आणि तुम्ही बॅग घेऊन खाली, ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून मी इतकं स्पष्ट लिहितेय.

भाचा खोटं बोललेला नाही. अमेरिकेत असा नियम खरंच आहे, पण तो अमेरिकेच्या नागरिकांसाठी. बोट तिथल्या ज्या बंदरातून निघाली त्याच बंदरात परत येणार असेल आणि मध्ये मेक्सिको, बहामा अशा जवळच्या ठिकाणी थांबणार असेल, तर तिथल्या नागरिकाला जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र दाखवून परत देशात येता येतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना नुसता जन्मदाखला चालतो. तरीसुद्धा तिथली सरकारी खाती पासपोर्ट जवळ ठेवाच असं सांगतात. वाटेत कुणी आजारी पडलं, किंवा बंदरात फिरता फिरता बोट सुटली, तर घरी परतायला विमानच घ्यावं लागतं आणि विमानात जन्मदाखला चालत नाही. भाच्याची सहल सुखरूप झाली, याचा आनंद आहे. पण त्याचा नियम सांगलीत लागू होत नाही.

नेपाळचंही असंच. 1950 सालच्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे आपण मतदार ओळखपत्रावर तिकडे जातो. ती त्या शेजाऱ्याची खास सवलत आहे. श्रीलंकाही शेजारीच, पण तिथे ही सवलत नाही.

इथे जरा तुमच्यापासून बाजूला जाऊन इतर वाचकांसाठी लिहिते. सांगली-साताऱ्यात आता घरटी नाही तरी गल्लीत एक तरी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते. आई-वडील सहा महिन्यांसाठी जातात आणि मुलं हौसेने क्रूझ काढतात. अशा आई-वडिलांना पासपोर्ट तर लागतोच, शिवाय अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा, म्हणजे मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे बघावं लागतं. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सिॲटलहून अलास्काला जाणाऱ्या बोटींचा. अलास्का अमेरिकेतच आहे, मग आणखी कागद कशाला, असं कुणालाही वाटेल. पण तिथे 1886 सालचा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या बोटीला अमेरिकेतल्या बंदरांमधून प्रवासी फिरवून आणायचे असतील तर मध्ये एखाद्या परदेशी बंदरात थांबावं लागतं. म्हणून या बोटी जाता-येता कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो. तिकीट काढायच्या आधी मुलांना हे एक वाक्य पाठवा, 'वाटेतल्या प्रत्येक बंदराचं नाव सांग, आणि त्या प्रत्येक ठिकाणी आमच्या पासपोर्टला व्हिसा लागतो का ते कंपनीकडून लेखी घे.' सिंगापूरहून निघणाऱ्या बोटींनाही हेच लागू. बोट सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येते, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता.

आता परत तुमच्याकडे.

ताई, तुमच्या पत्रात 'लाज' हा शब्द पाच वेळा आला आहे. 'सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही,' असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यांकडे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या वयाच्या बायकांचे पासपोर्ट बहुतेक वेळा लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी काढलेले असतात. ते बाळ आता शाळेत जात असेल. पासपोर्टची मुदत दहा वर्षांची, आणि परदेशी जाताना पुढे किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. नऊ जणींनी आपापल्या कपाटातला पासपोर्ट काढून शेवटची तारीख बघितली, तर मला वाटतं तुम्हाला सोबत मिळेल. नाही मिळाली तरी बिघडत नाही.

कारण तुम्ही ज्या खिडकीवरून परत आलात, तिथे तुमची काहीच चूक नव्हती. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायचं, ही घराघरातली रीत. आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि कित्येक घरांत मुलीचं स्वतःचं नावही. ताटात नाव लिहिलं गेलं, पण सरकारी कागदावर ते कुणी कधी नेलंच नाही. त्यामुळे एकाच बाईची कागदावर दोन माणसं झाली.

माझ्या आईचं हेच होतं. नाव बदलल्याचं राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, छापून घ्यायचा तिचा अर्ज भरताना मी शेजारी बसले होते. 'जुने नाव' या रकान्याशी ती थांबली. पेन टेकवलेलं, पण हात हलेना. मग तिने अगदी सावकाश, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात ते नाव लिहिलं आणि म्हणाली, 'एक्केचाळीस वर्षांनी लिहितेय गं.' नंतर तो कागद तिने उचलला, चष्मा वर करून पुन्हा एकदा वाचला आणि मगच सही केली. तुमच्या पत्रात दाखल्याचा उल्लेख आला आणि मला तो रकाना आठवला. तो कागद काढायला तुम्हाला जड जात असेल, हे मी समजू शकते.

पण काम अवघड नाही, फक्त क्रमाने करावं लागतं. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी शाळेचाच दाखला हवा असं नाही. 1 ऑक्टोबर 2023 च्या आधी जन्मलेल्यांना पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, एलआयसीची पॉलिसी यांपैकीही एक चालतं. मात्र त्यावर पूर्ण जन्मतारीख हवी, आणि ती सगळ्या कागदांवर एकच हवी. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेल्यांची पिढीच्या पिढी आहे. पुढे आधार काढताना नुसतं साल सांगितलं, तर तिथे 1 जानेवारी पडते. तुमचंही तसं झालंय का, ते आज संध्याकाळीच सगळे कागद एकाशेजारी एक ठेवून बघा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा आधी कुठली खरी मानायची ते ठरवा आणि मगच केंद्रात जा.

नावाचं लपवू नका. कुणीतरी सांगेल, 'दाखला दाखवूच नका, नुसत्या आधारवर होतंय.' होईलही. पण अर्जात पूर्वी नाव बदललं आहे का, असा सरळ प्रश्न असतो, आणि पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे 'होय' लिहा आणि जुनं नाव द्या. त्याला आधार म्हणून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. लग्नाची नोंद झालेली नसेल तर ती आधी महापालिकेत करून घ्या. इतक्या वर्षांनीही नोंद करता येते आणि राजपत्रासाठी तोच दाखला उपयोगी पडतो. पासपोर्टला लग्नाचा दाखला सक्तीचा नाही, ती अट 2016 च्या डिसेंबरमध्येच गेली. पण नाव का बदललं हे दाखवायला त्याच्याइतका साधा कागद दुसरा नाही. राजपत्राचा उपयोग पासपोर्टपुरताच नाही. माहेरच्या जमिनीवर बहीण म्हणून नाव लावायचं असो, बँकेतली जुनी ठेव असो की वारसाचं काम, दर वेळी 'या दोघी एकच' हे सिद्ध करायची कटकट एकदाची संपते. मी तर म्हणेन, सहल राहू द्या बाजूला, हा कागद प्रत्येक बाईने करून ठेवावा.

पासपोर्टचा अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच भरा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट बऱ्याच आहेत. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. त्याच संकेतस्थळावर डॉक्युमेंट ॲडव्हायजर नावाची सोय आहे. आपलं वय आणि परिस्थिती भरली की कुठले कागद आणायचे त्याची यादी मिळते. मागच्या वेळी तुमच्याकडे ही यादी असती तर तुम्ही परत आला नसतात. 36 पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये आहे. त्याहून जास्त कुणी मागत असेल तर तो त्याच्या भरणावळीचा मोबदला आहे, सरकारचा नाही. आपला भाग पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडे येतो, पण कागद तपासायला पुण्यालाच जायची गरज नाही, सांगलीत पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. नंतर पोलीस पडताळणी होईल. घरी पोलीस येणार म्हणून शेजारीपाजारी काय म्हणतील, याची काळजी करू नका, ती प्रत्येकाची होते. दहावीच्या प्रमाणपत्राचंही मनावर घेऊ नका. ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागेल असा शिक्का, टाळायला ते दाखवतात, पण पन्नाशी ओलांडलेल्यांना त्याची गरज नाही.

'तुला कशाला हवा पासपोर्ट, कुठे जायचंय,' असं यजमान म्हणाले, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहून टाकलंय. मला ती ओळ खटकली. अर्जावर त्यांची सही लागत नाही, परवानगीही नाही. पण त्यांच्याशी भांडा असं मी सुचवत नाही. त्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांचाही अर्ज भरा. 'उतरूच नकोस' म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही सहलीला जावं असंच वाटतंय, फक्त कागदांच्या भानगडीत पडायला नको असतं.

मग यंदा काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. यंदा लक्षद्वीप, पुढच्या वर्षी श्रीलंका. राजपत्र, मग पासपोर्ट, मग पडताळणी, हे सगळं फेब्रुवारीच्या आत होईलच असं धरून चालणं धोक्याचं आहे, आणि टूरवाला तर या महिनाअखेरीस ॲडव्हान्स मागतोय. पासपोर्ट हातात नसताना परदेशी सहलीचे पैसे भरू नयेत. 'नंतर नंबर द्या, चालतंय,' असं तो म्हणेल. पासपोर्ट वेळेत आला नाही तर किती पैसे परत मिळणार, हे त्याच्याकडून कागदावर घ्या, म्हणजे नेमकं काय चालतंय ते कळेल.

लक्षद्वीप म्हणजे काही दुय्यम सहल नव्हे. भारतीय कंपनीची जी मोठी बोट आता मुंबईहून देशातल्या देशात फिरते, ती सुरू झाली 2021 च्या सप्टेंबरमध्ये, आणि तिचं चेन्नई-श्रीलंका सुरू झालं 2023 च्या जूनमध्ये. लक्षद्वीपला पासपोर्ट लागत नसला तरी प्रवेश परवाना लागतो. तिथल्या रहिवाशांच्या संरक्षणासाठी 1967 पासून तसा नियम आहे. परवान्याचं काम सहसा कंपनीच बघते, पण त्यासाठी फोटो आणि ओळखपत्राची प्रत वेळेत द्यावी लागते. बेटाजवळ मोठी बोट खोल पाण्यात उभी राहते आणि लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. तुमचा गुडघा खरंच दुखत असेल तर त्या होडीत उतरताना आधार लागेल, हे आधीच सांगून ठेवा. लाटा जास्त असतील तर होड्या सोडत नाहीत आणि बेट लांबूनच बघावं लागतं. हेही मैत्रिणींच्या कानावर घाला, नंतर तुमच्यावर यायला नको. आणि बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः ज्या जणी रक्तदाबाच्या गोळ्या घेतात त्यांनी.

एक बारीक गोष्ट आहे, पण यात हमखास चुका होतात. भिशीत आपण एकमेकींना बेबी, माई, नंदाताई अशाच नावांनी हाक मारतो आणि टूरवाल्याला व्हॉट्सॲपवर जाते ती यादीही तीच. तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. यादी करताना प्रत्येकीचं आधार कार्ड समोर ठेवून करा. निघतानाही मूळ कार्डच घ्या, मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर नऊ जणींनी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची नाही.

मैत्रिणींना काय सांगायचं, ते मी तुम्हाला शब्दांत लिहून देत नाही. फक्त फोनवर किंवा ग्रुपवर सांगू नका. पुढच्या भिशीला, चहा-भडंग झाल्यावर आणि पैसे मोजायच्या आधी सांगा. तोपर्यंत सगळ्या निवांत असतात आणि कुणी उठून जात नाही. भाच्याचं ऐकून आपण चुकीचं सांगितलं होतं, हे आधी सांगा, कारण तुमच्या भरवशावर आणखी एखादी पासपोर्टविना बसलेली असू शकते. मग खिडकीवरून परत आल्याचं सांगा. जाताना शाळेचा दाखला पर्समध्ये असू द्या. बारा वर्षं ज्यांच्याबरोबर हसता-रडता, त्यांना तुमचं माहेरचं नाव तरी माहीत आहे का?

सगळं ऐकूनही त्यांनी श्रीलंकाच पक्की केली, तर आनंदाने 'जाऊन या' म्हणा आणि त्याच आठवड्यात राजपत्राचा अर्ज भरा. पण मला वाटतं, निदान दोघी-तिघी तरी घरी जाऊन आधी आपल्या पासपोर्टची तारीख बघतील, आणि एखादी तुम्हाला फोन करून विचारेल, 'अगं, तो राजपत्राचा अर्ज कुठे मिळतो? माझंही नाव बदललेलं आहे.'